निपाणीच्या बाळाची मिश्री

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

नोकरीला महिना झाला. चोपन्नाव्या वर्षी उमेदवारी करावी लागेल असं शाळेत असताना कुणी म्हटलं असतं, तर त्याला मी बाकावर उभं केलं असतं. पण सीमाभागातल्या मराठी शाळेत वर्गाला सात मुलं उरल्यावर जीवशास्त्र शिकवायचं तरी कुणाला? राजीनामा दिला, पोरासोरांच्या मांडीला मांडी लावून मेडिकल कोडिंगचा क्लास केला आणि हॉस्पिटलात लागले. काम मजेचं आहे. डॉक्टर आजाराचं नाव लिहितात, आम्ही जाडजूड पुस्तकात त्याचा आकडा शोधून घालतो. पुढे विमा कंपनी वाचते तो आकडा, संशोधन करणारे मोजतात तोही आकडा. नाव मागेच राहतं.

माझी साहेब आहे उचगावची तेजस्वी. माझीच विद्यार्थिनी. दहावीत हिनं बेडकाच्या हृदयाला तीनाऐवजी चार कप्पे काढले, तेव्हा मी हिची वही लाल करून परत दिली होती. आता माझे कोड तपासते आणि लाल करून परत पाठवते. "टीचर, डॉक्टरनं लिवलंय तेवढंच घालायचं. आपलं डोकं लावायचं न्हाय." डोकं न लावण्याचा पगार आयुष्यात पहिल्यांदाच मिळतोय. तरी खरं सांगायचं तर मी खूश आहे. डबा घेऊन रिक्षाची वाट बघताना तरुण झाल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी आमटीला लसणीची फोडणी दिली, तर सूनबाई ताटावरून उठून गच्चीवर गेली. केतकीला पित्ताचा त्रास दिसतोय. तिला आवळासुपारी दिली. पित्ताचा कोड आता मला झोपेतही सांगता येतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज एक केस आली ती डोक्यातून जात नाही. निपाणीकडचं तीन महिन्यांचं बाळ. दूध पिऊन झोपलेलं, एकाएकी कण्हलं आणि नाकातोंडातून रक्त आलं. तिथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता इकडे पाठवलं म्हणून वाचलं. रक्त पोटातलं नव्हतं, फुप्फुसातलं होतं. अजून काचेच्या खोलीत श्वासाच्या मशिनवर आहे.

आमचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नागेंद्र. त्यांनी सगळं तपासलं. हृदय ठीक, रक्त नीट गोठतंय, जंतू नाहीत, मार लागलेला नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘अक्यूट इडिओपॅथिक पल्मनरी हॅमरेज’. म्हणजे कारण न कळता फुप्फुसात अचानक झालेला रक्तस्राव. आणि गंमत अशी, की याला स्वतःचा कोड आहे! आर ०४.८१, खास महिन्याच्या पुढच्या तान्ह्या बाळांसाठी. त्याहून लहान असेल तर आकडा दुसरा.

मी तेजस्वीला म्हटलं, "अगं, ज्याचं कारणच माहीत नाही त्याला एवढा मान कशाला?"

ती म्हणाली, "असली बाळं जगात लई थोडी असत्यात टीचर. सगळी एका आकड्याखाली गोळा झाली, तरच कुणालातरी कधीतरी कारण गावंल."

हे पटलं. पण पेशंट वॉर्डात असताना घालतो तो कच्चा कोड, घरी जाताना घालतो तो पक्का. तोवर मी स्वस्थ बसणार नाही. कारण नाही म्हणजे काय? कारण असतंच. नीट वाचलेलं नसतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सापडलं!

तेजस्वी गावच्या यात्रेला गेली होती, म्हणून केसपेपर निवांत वाचायला मिळाला. कानपूरचा एक ज्युनिअर डॉक्टर आहे, चतुर्वेदी. रात्री बाळाला दाखल करून घेताना घरची माहिती त्यानं लिहिली आहे. त्यात इंग्रजीत स्पष्ट एक ओळ: आईनं बाळाला मिश्री दिली. मिश्री! तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजून केलेली पूड. बायका तिनं दात घासतात आणि मग दिवसभर हिरडीला लावून बसतात. निपाणी म्हणजे तंबाखूचं माहेर. तिथल्या घरात मिश्रीची डबी नसेल तर मीठही नसेल. पण तान्ह्या बाळाला चाटवायची? आणि एवढ्या मोठ्या डॉक्टरांच्या नजरेतून ही ओळ सुटली!

लगेच कॉम्प्युटरवरून वॉर्डाला शंका पाठवली. ‘आईने बाळास तंबाखूची पूड दिल्याची नोंद आहे. विषबाधेचा कोड घालावा काय?’ पाठवायचं बटण जरा जोरातच दाबलं. रागानंही आणि थोडा अभिमानानंही.

जेवताना घरात सगळं सांगितलं. म्हटलं, "असल्या आयांना देव मूल देतो तरी कशाला?" सौरव म्हणाला, "आई, जेवताना नको ना." केतकीनं हातातला घास खाली ठेवला आणि आत गेली. तिच्यामागून तोही. आजच्या मुलांना रक्ताचं नाव काढलेलं सोसत नाही. हे आपले मान खाली घालून ताक पीत राहिले. तीस वर्षं माणूस नुसतं ताक पीत कसं राहू शकतो?

सोमवार, १० फेब्रुवारी

आज ऑफिसात बरंच काही झालं.

डॉ. नागेंद्र हुबळीला परिषदेला गेलेत, चतुर्वेदी परीक्षेच्या सुट्टीवर. माझी शंका वॉर्डातल्या सिस्टरच्या हाती पडली. ती आपल्याकडचीच. तिनं सगळ्यांसमोर त्या आईला विचारलं, "काय गं, बाळाला मिसरी चाटवलीस व्हय?" बाळाची आजी मनुबाई शेजारीच उभी. तिनं वॉर्ड डोक्यावर घेतला. "माझ्या नातवाला इख घातलीस? तरी म्हणते, सोन्यासारखं लेकरू एकाएकी कसं रगत ओकलं!" सून माधवी एवढंच म्हणाली, "न्हाय वो आत्या, म्या असलं काय दिलं न्हाय." नवरा ओमकार दोघींच्या मधे उभा.

काचेच्या खोलीत एका वेळी एकच माणूस सोडतात. ती जागा आता मनुबाईनं धरली आहे. बाळाला सोडतील त्या दिवशी माधवीच्या भावाला कणकुंबीहून बोलावणार आहेत. तो तिला माहेरी नेणार, आणि बाळ आजीबरोबर निपाणीला जाणार, असं बोलणं चाललंय.

तेजस्वीनं मला आत बोलावून दार लावलं. "टीचर, आपण डॉक्टरला प्रश्न इचारायचा असतोय. प्रश्नातच उत्तर घालून द्यायचं नसतंय. क्लासात शिकवलंय हे."

"पण कागदावर तंबाखू आहे."

"कागदावर मिश्री आहे. तंबाखू तुम्ही लिवलाय."

हा शाब्दिक कीस मला मुळीच आवडला नाही. मिश्री म्हणजे तंबाखू हे शेंबडं पोरही सांगेल. उचगावच्या पोरीला मी सांगायचं का?

दुपारी कॅन्टीनकडे जाताना माधवी दिसली. बावीसेक वर्षांची, हाताच्या काड्या झालेल्या. भिंतीकडे तोंड करून वाटीत दूध काढत होती. मग ती वाटी पदराखाली झाकून सिस्टरला देऊन आली. बाळ मशिनवरून निघालंय म्हणे. बाळाला दूध चालतं, आई चालत नाही. मी तिच्याशी बोलणार होते, पण चहा न घेताच परत फिरले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

विशेष काही नाही. लिंबाचं लोणचं घातलं. केतकीनं मीठ लावायच्या आधीच चार फोडी खाल्ल्या. एवढ्या पित्तावर लिंबू खाते आणि मग माझी आवळासुपारी नको म्हणते.

खाता खाता विचारलं, "आई, त्या बाईनं खरंच दिलं असेल?"

"लेखी आहे."

"आणि नसेल दिलं तर?"

"तर मग बाळाला झालं कशानं?"

"कशानंच नसेल," ती म्हणाली. मी हसले. बँकेत नोकरी करणाऱ्या मुली अशा बोलतात म्हणून बँका बुडतात, असंही म्हणाले. ती हसली नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

काय लिहू आणि कुठून लिहू?

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर केतकी फ्रिजला टेकून, डोळे मिटून काहीतरी चघळत होती. ओट्यावर पुडी. उचलून पाहिलं तर वर हिंदीत ठसठशीत छापलेलं: ‘धागेवाली मिश्री’. आमच्या घरात, अनगोळात, चार पिढ्यांत कुणी तंबाखूला हात लावलेला नाही!

"केतकी! तू मिश्री खातेस?"

"खडीसाखर आहे हो आई ती. कोपऱ्यावरच्या मारवाड्याकडची. हिंदीत खडीसाखरेला मिश्रीच म्हणतात. सकाळी फार मळमळतं, हे चघळलं की जरा बरं वाटतं."

मी पुडी हातात घेऊन स्टुलावर बसले. पहिल्यांदा डोळ्यांपुढे आला तो कानपूरचा चतुर्वेदी. त्या रात्री माधवी त्याला सांगत असणार, खडीसाखरेचं पाणी पाजलं म्हणून. त्यानं आपल्या भाषेत लिहिलं, मिश्री. मी माझ्या भाषेत वाचलं. सिस्टरनं मी वाचलेलं सगळ्या वॉर्डाला ऐकवलं. तिघांपैकी कुणी खोटं बोललं नाही, आणि ध चा मा होऊन एका बाईचं मूल तिच्यापासून तोडलं गेलं. तेजस्वी सोमवारी तेच सांगत होती. तंबाखू मी लिहिला होता.

हे सगळं मनात चाललेलं असताना ‘मळमळतं’ हा शब्द फार मागाहून कानात शिरला.

"मळमळतं म्हणजे? कधीपासून?"

केतकीनं खाली बघत सांगितलं, "तिसरा लागलाय, आई."

फोडणीचा वास, लिंबाच्या फोडी, गच्चीवर जाऊन उभं राहणं. जगातल्या यच्चयावत आजारांचे आकडे मला पाठ आणि घरातली गोड बातमी दिसली नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच. मी विचारलं, "सौरवला ठाऊक असणारच. ह्यांना?"

"बाबांनी जानेवारीतच ओळखलं."

ह्यांनी! ज्यांना कपाळावरचा चष्मा सापडत नाही त्यांनी!

"मग मलाच का नाही सांगितलंस गं?"

तिनं फ्रिजचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं. मग म्हणाली, "शनिवारी जेवताना सांगणार होतो. सौरवनं पेढेही आणले होते. पण तुम्ही त्या निपाणीच्या आईबद्दल बोलायला लागलात. म्हटलं, उद्या माझ्या बाळाला असं काही झालं, कुणालाच न कळणारं, तर आई पहिला कोड माझ्या नावावर घालतील."

तिला जवळ घेतलं तेव्हा दोघीही रडलो, आणि पुडीतली निम्मी खडीसाखर जमिनीवर सांडली. ते पेढे चार दिवस फ्रिजमध्ये माझ्या डोळ्यांसमोर होते. मला वाटलं होतं ऑफिसातून मिळाले असतील.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

डॉ. नागेंद्र आल्या आल्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग एकदम हसायचे थांबले. चतुर्वेदीला फोन लावला. तो पलीकडून ओरडला, "मॅडम, मिश्री मतलब मिश्री! मीठी वाली!" तान्ह्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नसतं, हे डॉक्टर माधवीला बजावणारच आहेत. पण चिमूटभर खडीसाखरेनं फुप्फुसातून रक्त येत नाही. डॉक्टर मला म्हणाले, "टीचर, चूक तुमची आहे, तर मराठीत तुम्हीच सांगायचं. मी शेजारी उभा राहतो."

ओमकार, मनुबाई आणि माधवी, तिघांसमोर सांगितलं. "चूक माझी झाली. तुमच्या सुनेनं तंबाखू दिलेला नाही. मी कागद चुकीचा वाचला." आयुष्यभर मी मुलांचे कान पिळले. माझी चूक मी अशी उभ्यानं कुणासमोर सांगितली नव्हती. सांगून संपल्यावर मात्र बरं वाटलं.

माधवी चपला काढून काचेच्या खोलीत गेली. बाळानं आवाज ओळखला असावा. हातपाय नाचवायला लागलं.

मनुबाई मात्र भिंतीसारखी बसून होती. "तंबाखू न्हाय तर न्हाय. पर कायतरी झालंच की वो बाई. आईनं नीट बघितलं असतं तर लेकरू असं झालं असतं व्हय? ऱ्हाऊ दे तिला चार म्हयनं म्हायारी." ओमकार म्हणाला, "आई, आता बास." तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं.

म्हणजे माझा तंबाखू पुसला तरी त्याखालचा डाग तसाच राहिला. कारण सापडत नाही म्हटल्यावर माणसं आईवर येऊन थांबतात. मी तरी कुठे थांबले होते?

तेजस्वीनं शंकेवर ‘चुकीची, रद्द’ असं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. मग तिच्या डब्यातली नाचणीची भाकरी अर्धी करून मला दिली. "बेडकाच्या चार कप्प्यांची फिट्टंफाट झाली टीचर," म्हणाली. एवढी वर्षं लक्षात ठेवलंय पोरीनं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

घरात पेढे वाटले, या वेळी ताजे. ह्यांना विचारलं, तुम्ही कसं ओळखलंत? म्हणाले, "तू बोलत असतेस तेव्हा मी बाकीच्यांकडे बघत असतो." तीस वर्षांच्या ताकाचा उलगडा झाला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

बाळ आज घरी गेलं.

सकाळी पक्का कोड घालायला केसपेपर घेतला, तेवढ्यात दाराशी मनुबाई. एकटीच. आत येईना, म्हणून मीच बाहेर बाकावर जाऊन बसले. ती पदराच्या टोकाला गाठी मारत होती आणि सोडत होती.

"बाई, येक इचारू? डाक्टरनं इचारलंतं, घरात कोण इडी-शिग्रेट वडतंय का. आमी न्हाय म्हटलं. कोण वडतच न्हाय. पर म्या मिसरी भाजते. रोज सकाळच्या पारी, चुलीवर. पाळणा त्याच खोलीत. घर धुरानं भरतंय." तिनं आणखी एक गाठ मारली. "माझ्या मिसरीनं तर न्हाय न्हवं झालं?"

आठवडाभर ही बाई सुनेवर आरडाओरडा करत होती, ते ही भीती पोटात घेऊन. मागच्या आठवड्यातली मी असते तर जागेवर निकाल देऊन टाकला असता. आज तिचा हात धरला आणि डॉ. नागेंद्रांकडे नेलं. म्हटलं, मला सांगितलंत तसंच यांना सांगा.

तिनं सांगितलं. डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि लिहून घेतलं. तोवर माधवी बाळाला दुपट्यात गुंडाळून, पिशव्या घेतलेल्या ओमकारबरोबर दारात येऊन उभी होती. डॉक्टर म्हणाले, "अज्जी, धूर बाळाला वाईटच. आजपासून घरात भाजायचं नाही. पण त्यानंच झालं का? तुमच्यासारखी भाजणारी घरं निपाणीत खूप आहेत, आणि हा आजार मी इतक्या वर्षांत दुसऱ्यांदा बघतोय. खरं सांगू? गोत्तिल्ला."

सीमाभागात हा कानडी शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही: माहीत नाही. एवढा शिकलेला डॉक्टर तो सरळ बोलला आणि त्याचं काही कमी झालं नाही.

मनुबाई मागे वळली तर समोर सून. "तू ऐकलंस व्हय?"

"मला म्हाईतच हुतं की आत्या," माधवी म्हणाली. "रोज तुमी भाजाय बसला की म्या ह्याला घिऊन घरामागं परड्यात जात हुते."

"मग डाक्टरला का बोलली न्हाईस? तुला येवढं बोलले मी!"

"मला बोलत हुता तवर म्या येकटीच सोसत हुते. ह्ये सांगितलं असतं तर समद्यांनी तुमास्नी धरलं असतं. तुमच्यानं सोसलं नसतं."

डॉक्टर कागदात बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मनुबाईनं कंबरेची मिश्रीची डबी काढली आणि ओमकारच्या हातात दिली. "गावात न्हिऊ नगंस. हितंच टाक." मग बाळ घ्यायला दोन्ही हात पुढे केले, तसेच मागे घेतले आणि सुनेच्या खांद्यावर ठेवले.

"न्हाय, तूच धर. म्हायारचं इसर आता. तुझा भाऊ कणकुंबीस्नं आला की जेवाय घालून लावून दिऊया त्येला."

ती तिघं आणि ते चौथं गेल्यावर मी जागेवर येऊन बसले. केसपेपरात धुराची नोंद आता डॉक्टरांच्या अक्षरात होती, म्हणून तिचा वेगळा कोड घातला. मुख्य आजाराच्या चौकटीत आर ०४.८१ लिहिलं, म्हणजे ‘कारण माहीत नाही’, आणि तेजस्वीकडे पाठवलं. ते लाल न होता परत आलं.